जुन्या गाडीचं तडकलेलं स्टिअरिंग व्हील: खोलण्यापासून पुन्हा बसवेपर्यंत

तडा दिसला की त्यात काहीतरी भरून वरून रंग मारावा, असंच कुणालाही वाटतं. बहुतेक दुरुस्त्या इथेच फसतात. वरवर भरलेला तडा रंगाखाली थोडे दिवस गप्प बसतो आणि पहिल्या थंडीत त्याच रेषेत पुन्हा तोंड उघडतो. या कामात खरा भर उकरण्यावर आहे. तडा आधी मोठा करायचा, आतल्या लोखंडापर्यंत न्यायचा आणि मगच भरायचा. बऱ्या दिसणाऱ्या व्हीलवर कानस चालवायला हात धजावत नाही, हे खरं. पण दुसरा टिकाऊ मार्ग नाही.

हा लेख साधारण १९३० ते १९७० च्या दशकांतल्या गाड्यांच्या व्हीलसाठी आहे, म्हणजे आत पोलादी सांगाडा आणि त्यावर ओतलेलं कडक प्लास्टिक किंवा कडक रबर. लाकडी कड्याचं किंवा चामडं शिवलेलं व्हील यात येत नाही. एअरबॅग असलेल्या व्हीलला घरी हातच लावू नका.

हाताचं काम बारा ते पंधरा तासांचं आहे. मात्र सुकण्या-मुरण्याची वाट धरून तीन आठवडे मोकळे ठेवा. पुढच्या रविवारी गाडी बाहेर काढायची असेल, तर हे काम या आठवड्यात सुरू करू नका.

तडे का जातात, हे आधी समजून घ्या

व्हीलचा व्यास ४० सेंमी धरला, तर कड्याचा घेर साधारण १,२५० मिमी होतो. तापमान ४० अंशांनी उतरलं की एवढ्या लांबीचं पोलाद जेमतेम ०.६ मिमी आखडतं. वरचं प्लास्टिक पोलादाच्या आठ-दहा पट आखडू पाहतं, म्हणजे त्याला ५ मिमीच्या आसपास लहान व्हायचं असतं. आतला सांगाडा त्याला तसं होऊ देत नाही. हा ताण उन्हातून सावलीत, दिवसातून रात्रीत, वर्षानुवर्षं चालू राहतो.

त्यात प्लास्टिकला लवचिक ठेवणारी द्रव्यं हळूहळू उडून जातात. मग प्लास्टिक कायमचं आकसतं आणि ठिसूळही होतं. शेवटी ते सगळ्यात अडचणीच्या जागी तुटतं: स्पोक (मधून कड्याकडे जाणारी दांडी) कड्याला मिळतो तो सांधा, हबच्या (व्हीलच्या मधल्या गाभ्याच्या) भोवतीचा भाग आणि मागच्या बाजूच्या बोटांच्या खाचा. तडा बहुतेक वेळा कड्याला आडवा असतो, कारण ओढ कड्याच्या लांबीच्या दिशेने असते.

यातून एक व्यवहारी गोष्ट निघते. उन्हात तापलेलं व्हील भरू नका. गरम असताना तड्याची फट मिटलेली असते. तेव्हा भरलं तर थंड झाल्यावर भरणीवर ओढ येते. व्हील १८ ते २० अंशांवर निवलेलं असताना फट मोकळी असते. त्या वेळी भरलं, तर पुढे ऊन लागल्यावर भरणी फक्त दाबली जाते. दाब सोसणं एपॉक्सीला (दोन भाग कालवून कडक होणाऱ्या भरणीला) सोपं जातं, ओढ सोसणं अवघड.

सामान आणि कागद

कागदांमध्ये सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्या मॉडेलचं वर्कशॉप मॅन्युअल. मधल्या नटचा आकार, त्याचा टॉर्क (आवळण्याचा ठरलेला जोर) आणि हॉर्नची जोडणी त्यातच मिळते. मूळ रंग हवा असेल तर गाडीच्या पाटीवरचा अंतर्सजावटीचा कोड टिपून ठेवा. आणि खोलताना प्रत्येक पायरीचा फोटो काढा. हॉर्नच्या बटणाखाली स्प्रिंग, वायसर आणि कप कोणत्या क्रमाने होते, हे तीन आठवड्यांनी आठवत नाही.

खोलण्यासाठी: सॉकेट पाना, स्टिअरिंग व्हील पुलर (व्हील दांड्यावरून ओढून काढणारं अवजार), टॉर्क पाना, गंज सोडवणारं तेल, खुणेसाठी पंच किंवा पांढरा मार्कर.

उकरण्या-घासण्यासाठी: त्रिकोणी कानस, गोल कानस, अर्धगोल कानस, करवतीचं सुटं पातं, तारेचा लहान ब्रश, १.५ मिमी आणि ३ मिमी ड्रिल बिट. रोटरी टूल असेल तर काम लवकर होतं, पण ते नसलं तरी अडत नाही. पॉलिश पेपर ८०, १२०, १८०, ३२०, ४०० आणि ६०० नंबरचे, प्रत्येकी तीन-चार. गोलाईत कागद गुंडाळायला १५ ते २० मिमी जाडीचा रबरी पाइपचा तुकडा.

भरण्यासाठी: दोन भागांची घट्ट एपॉक्सी पेस्ट. आठ-दहा तड्यांना २०० ते २५० ग्रॅम पुरून उरते. शिवाय पातळ दोन भागांचं एपॉक्सी थोडंसं आणि एक जाड सुईची सिरिंज.

रंगासाठी: एपॉक्सी प्रायमर, हाय-बिल्ड (जाड थर बसणारा) प्रायमर आणि रंग, प्रत्येकी पाव लिटरच्या आसपास.

स्वतःसाठी: नायट्राइल हातमोजे, चष्मा, धुळीचा चांगला मास्क. रंगाच्या मास्कबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे, ते वगळू नका.

१. व्हील कशाचं आहे ते ओळखा

सॉल्व्हंट कोणता चालेल आणि धूळ किती धोक्याची, हे यावर ठरतं. मागच्या बाजूला, न दिसणाऱ्या जागी थोडंसं घासा आणि लगेच वास घ्या.

गंधकाचा, जळक्या रबरासारखा वास आला तर ते एबोनाइट, म्हणजे भरपूर गंधक घालून कडक केलेलं रबर. उन्हाने ते वरून तपकिरी-हिरवट पडलेलं असतं. दुरुस्तीला हे सगळ्यात सोशिक.

व्हिनेगरचा वास आला तर सेल्युलोज ॲसिटेट. १९३० च्या दशकापासून टेनाइट या नावाने विकलं जाणारं हे प्लास्टिक स्टिअरिंग व्हीलसाठी फार वापरलं गेलं. हा वास न घासताच येत असेल, वर चिकट घाम आल्यासारखा थर असेल आणि नखाने कपचे निघत असतील, तर प्लास्टिक आतून सडू लागलं आहे. त्यावर भरणी टिकणार नाही.

कार्बोलिक किंवा फॉर्मॅलिनसारखा वास म्हणजे बेकेलाइट. जुन्या बेकेलाइटमध्ये भराव म्हणून कधीकधी ॲस्बेस्टॉस घातलेलं असे. त्यामुळे ते कोरडं घासू नका. ओलं घासा, मास्क घाला आणि चिखल कोरडा होण्याआधी पुसून पिशवीत बंद करा.

कापराचा वास आला तर थांबा. ते सेल्युलॉइड असू शकतं आणि ते भडकन पेट घेतं. त्यावर रोटरी टूल, हीट गन किंवा ठिणगी उडवणारं काहीही चालवायचं नाही.

२. दुरुस्त करण्याजोगं आहे का?

खोलण्याआधी व्हील जागेवर असतानाच दोन परीक्षा करा. कड्याला वर-खाली आणि पुढे-मागे धरून हलवा. प्लास्टिकबरोबर लोखंडही हलत असेल किंवा स्पोकच्या मुळाशी कटकट आवाज येत असेल, तर सांगाड्याची वेल्डिंग सुटलेली असू शकते. मग व्हील फिरवून बाजूने पाहा. कडं लंगडत फिरत असेल, तर सांगाडा वाकलेला आहे.

सांगाडा तुटलेला, वाकलेला किंवा हबचे आतले दाते झिजलेले असतील तर दुरुस्ती करू नका. सांगाडा घरी वेल्ड करण्याचा मोह टाळा. ही सजावटीची वस्तू नाही. गाडी वळवणारा भाग आहे आणि अपघातात छाती आदळते तीही यावरच. अशा वेळी दुसरं व्हील शोधा, किंवा सांगाडा चांगला पण प्लास्टिक गेलेलं असेल तर नव्याने ओतून देणाऱ्या कारागिराकडे द्या.

अर्धपारदर्शक किंवा रंगीत लहरी असलेलं मूळ व्हीलही या पद्धतीत बसत नाही. भरणी दिसतेच, आणि रंग मारला की त्याची सगळी शोभा जाते.

३. व्हील काढा

बॅटरीची ऋण तार सोडा. हॉर्नच्या तारेत वीज असते. बटण काढताना स्क्रूड्रायव्हर टेकला की हॉर्न तरी वाजतो, नाहीतर फ्यूज तरी जातो.

पुढची चाकं सरळ करा. हॉर्नचं बटण काढा. काही दाबून फिरवून निघतात, काहींना मागून स्क्रू असतात, काही नुसती उचकटायची असतात. कोणत्या प्रकारचं आहे हे मॅन्युअलमध्ये पाहिल्याशिवाय जोर लावू नका. पन्नास वर्षांचं प्लास्टिकचं चिन्ह एका झटक्यात दोन तुकडे होतं.

नट सैल करताना व्हील मदतनिसाने स्पोकच्या मुळाशी धरायचं. स्टिअरिंग लॉकच्या भरवशावर नट सोडू नका, लॉक मोडतं. नट पूर्ण काढायचा नाही. तो स्टिअरिंगच्या दांड्याच्या टोकाशी दोन-तीन आट्यांवर राहू द्या. व्हील एकदम सुटलं तर तो नटच ते तुमच्या तोंडावर येण्यापासून थांबवतो. आता दांडा आणि हब दोन्हींवर मिळून एक सरळ खूण करा. कारखान्याची खूण बऱ्याचदा असते, तरी आपली करा.

हबला आटे असलेली दोन छिद्रं असतील तर पुलरचे बोल्ट त्यांत लावा. बोल्ट किमान चार-पाच आटे आत गेले पाहिजेत. मात्र फार आत घातले तर काही गाड्यांत मागची इंडिकेटरची यंत्रणा चिरडते. छिद्रं नसतील तर पंजाचा पुलर हबच्या धातूखाली अडकवा. स्पोकखाली किंवा कड्याखाली कधीच नाही.

दांड्यावर हातोडा मारू नका. अमेरिकी गाड्यांत १९६७-६८ पासून, आणि इतरत्र त्यापुढे, अपघातात दबून आत जाणारा कॉलम (दांडा आणि त्याभोवतीची नळी) आला. त्यातल्या प्लास्टिकच्या पिना हातोड्याच्या घावाने तुटतात आणि वरून काहीच कळत नाही. व्हील निघत नसेल तर गंज सोडवणारं तेल घालून रात्रभर ठेवा आणि सकाळी पुलर पुन्हा ताणा.

४. धुऊन काढा

पन्नास वर्षांचा घाम, तेल आणि डॅशबोर्डवर मारलेलं सिलिकॉनचं पॉलिश त्यावर बसलेलं असतं. हे न काढता घासलं, तर कागद तेच तड्याच्या आत चोळतो आणि रंगाला पुढे माशाच्या डोळ्यासारखे खळगे पडतात. म्हणून आधी धुणं, मग घासणं, उलट नाही.

भांडी घासायचं द्रव आणि कोमट पाणी घेऊन हिरव्या घासणीने दोनदा धुवा, तडे जुन्या टूथब्रशने. मग सिलिकॉन आणि मेण काढणारा क्लीनर फडक्यावर घेऊन पुसा. ॲसिटोन आणि थिनर वापरू नका. सेल्युलोज ॲसिटेट आणि एबीएस ही दोन्ही प्लास्टिकं त्यात विरघळतात. कोणताही क्लीनर आधी हबच्या मागे लावून पाच मिनिटं थांबा. पृष्ठभाग चिकट झाला तर तो आपला नाही.

व्हील दोन दिवस हवेशीर सावलीत वाळू द्या. तड्यांतून आत गेलेलं पाणी दिसत नाही, पण असतं.

५. तडे शोधा

तिरका उजेड टाकून सगळं कडं पाहा आणि प्रत्येक तड्यावर मास्किंग टेपचा तुकडा लावा. मग कडं दोन्ही हातांनी हलकेच पिळा. केसासारख्या चिरा तेव्हा दिसतात. त्यांनाही टेप लावा. "ही तर बारीक आहे, राहू दे" म्हणून सोडलेली चीरच पुढे रंगातून वर येते.

कड्यावर नखाने टकटक करत जा. जिथे पोकळ आवाज येईल, तिथे प्लास्टिक लोखंडापासून सुटलेलं आहे. तिथे वेगळी खूण करा.

६. तडा उकरा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

तडा कड्याच्या भोवती पूर्ण गेला असेल, तर त्याच्यावरून करवतीच्या पात्याने हलका माग काढा आणि त्रिकोणी कानशीने व्ही आकाराची खाच करत लोखंडापर्यंत जा. वरची रुंदी ५ ते ६ मिमी, लोखंडाजवळ २ ते ३ मिमी. तळाशी टोकदार व्ही ठेवू नका. लोखंडाचा चमकता पट्टा स्पष्ट दिसला पाहिजे. भरणी दोन्हीकडच्या प्लास्टिकला धरते तशी मधल्या लोखंडालाही धरली पाहिजे.

खाचेच्या भिंती ८० नंबरच्या कागदाने खरबरीत करा. शक्य तिथे तळाशी कानस किंचित बाजूला घालून खाच आतून जराशी रुंद करा. म्हणजे भरणी पाचरीसारखी अडकते आणि वर उचलली जात नाही.

तडा मध्येच संपत असेल, तर त्याच्या टोकाला १.५ मिमीचं छिद्र लोखंडापर्यंत पाडा. तड्याचं टोक सुईसारखं तीक्ष्ण असतं आणि सगळा ताण तिथे गोळा होतो. गोल छिद्रात तो पसरतो. छिद्र टोकाच्या एक-दोन मिमी पुढे पाडलेलं बरं, कारण खरं टोक दिसतं त्याच्या पुढे असतं.

रोटरी टूल वापरत असाल तर वेग कमी ठेवा आणि पाच-सहा सेकंदांहून जास्त एका जागी थांबू नका. प्लास्टिक वितळून खाचेच्या भिंतीवर गुळगुळीत लेप बसतो आणि त्यावर एपॉक्सी धरत नाही. असं झालं तर तो लेप कानशीने खरवडून काढा.

लोखंडावर गंज असणारच. गंज फुगतो आणि प्लास्टिकला आतून ढकलतो. तारेच्या ब्रशने तो काढा, कोपऱ्यांत राहिलेल्यावर फॉस्फरिक ॲसिडचं गंज-परिवर्तक काडीने लावा. दिलेल्या वेळेनंतर ओल्या फडक्याने पुसून पूर्ण वाळवा. आम्ल राहिलं तर एपॉक्सी नीट कडक होत नाही.

पोकळ वाजणाऱ्या जागी मागच्या बाजूने ३ मिमीची दोन छिद्रं पाडा. एकातून सिरिंजने पातळ एपॉक्सी सोडा, दुसऱ्यातून ते बाहेर येईपर्यंत. दुसरं छिद्र नसलं तर आतली हवा अडून बसते आणि एपॉक्सी शिरतच नाही. बाहेर आलेलं लगेच पुसा आणि टेप गुंडाळून ठेवा.

७. भरा

काय भरायचं नाही, ते आधी. गाडीच्या पत्र्यावर लावतात ती पॉलिएस्टर पुट्टी नको. ती ठिसूळ असते आणि कड्याच्या पिळाने सुटते. सुपरग्लू तर त्याहून ठिसूळ. हवेवर सुकणारी, एका ट्यूबमधली कोणतीही पुट्टी नको, कारण ती आतून महिनोनमहिने आकसत राहते.

घट्ट एपॉक्सी पेस्टपैकी पीसी-७ या कामासाठी जुनी आणि नावाजलेली आहे. दोन्ही भाग समप्रमाणात, तासाभराचा हाताळणीचा वेळ, चोवीस तासांत कडक. दुसरी कोणतीही घेतली तरी ती उभ्या पृष्ठभागावरून न ओघळणारी, घासता येणारी आणि हळू सुकणारी हवी. पाच मिनिटांत सुकणारी घेऊ नका. एका तड्याच्या दोन बाजू दाबेपर्यंतच ती गोठून जाते.

दोन्ही भागांची बरणी वेगळी, काडी वेगळी. एका वेळी लिंबाएवढाच गोळा कालवा. मोठा ढीग स्वतःच्याच उष्णतेने तापतो आणि लवकर गोठतो. रंगाची एकही रेघ दिसत असेपर्यंत थांबू नका. दोन-तीन मिनिटं पूर्ण एकजीव होईपर्यंत कालवा. कच्चा राहिलेला पट्टा कधीच कडक होत नाही.

खाचा आयसोप्रोपिल अल्कोहोलने एकदा पुसा. पुसा, भिजवू नका. दहा मिनिटांनी पेस्टचा पातळ थर खाचेच्या तळाशी आणि भिंतींवर काडीने चोळून घ्या, लोखंडावर तर दाबूनच. मग उरलेली खाच भरा, एका बाजूने दुसरीकडे दाबत, म्हणजे हवा पुढे ढकलली जाते. थेट मोठा गोळा ठोसला तर त्याखाली बुडबुडा राहतो आणि तो नेमका घासण्याच्या शेवटी उघडा पडतो.

भरणी पृष्ठभागाच्या १ ते २ मिमी वर राहू द्या. हातमोज्याचं बोट पाण्यात बुडवून ती गोल करा. बोटांच्या खाचा असतील तर आत्ताच आकार द्या. कडक झाल्यावर तेच काम दहापट मेहनतीचं.

कड्यावरचे सगळे तडे एकाच दिवशी भरायची घाई नको. आधी स्पोकच्या सांध्यांचे, दुसऱ्या दिवशी उरलेले. व्हील २० ते २५ अंशांच्या खोलीत ठेवा. १० अंशांखाली एपॉक्सी जवळजवळ झोपतं. उन्हात ठेवून लवकर सुकवण्याचा उपाय का करायचा नाही, ते वर आलंच आहे.

८. आकार द्या

चोवीस तासांनी कडक झालं तरी तीन दिवस थांबा. कागद गच्च भरत असेल, तर भरणी अजून कच्ची आहे. घासण्याआधी ओल्या फडक्याने पुसा. काही एपॉक्सींवर मेणासारखा पातळ थर येतो आणि तो कागदाने चोळला तर रंग धरत नाही.

जास्तीचा उंचवटा अर्धगोल कानशीने उतरवा, मग ८० नंबर, मग १२० आणि १८०. कागद नुसत्या बोटांनी धरू नका. एपॉक्सी आणि जुनं प्लास्टिक सारखं झिजत नाहीत. बोटाने घासलं की भरणीच्या दोन्ही बाजूंना खळगी पडते आणि रंग झाल्यावर उजेडात ती जागा लाटेसारखी दिसते. रबरी पाइपभोवती कागद गुंडाळा आणि कड्याच्या लांबीने तिरके हात मारा. बोटांच्या खाचांसाठी त्याच गोलाईची काठी शोधा.

डोळे मिटून हात फिरवा. डोळ्यांना न दिसणारा उंचवटा तळहाताला लगेच कळतो.

शेवटी संपूर्ण व्हील, न तडकलेल्या भागांसकट, ३२० ने मॅट करा. जिथे चमक उरली तिथला रंग निघणार.

९. प्रायमर आणि रंग

हबमधले दाते, हॉर्नची तांब्याची संपर्क-कडी, आटे आणि क्रोमचे भाग टेपने झाका. संपर्क-कडीवर रंगाचा एक थेंब गेला तरी हॉर्न बंद. हबमधून लांब बोल्ट घालून तो व्हाइसमध्ये (बाकावरच्या पकडीत) धरा, म्हणजे व्हील हाताने फिरवत चारी बाजूंनी फवारता येतं. नेहमी मागची बाजू आधी.

पहिला थर एपॉक्सी प्रायमरचा, पातळ. तो जुन्या प्लास्टिकला खालून धरतो आणि वरच्या रंगातल्या सॉल्व्हंटपासून वाचवतो. सेल्युलोज ॲसिटेटवर तो वगळून थेट लॅकर मारलं, तर पृष्ठभाग सुरकुततो. त्यावर हाय-बिल्ड प्रायमरचे दोन-तीन हात, प्रत्येकात दहा-पंधरा मिनिटांचं अंतर. दुसऱ्या दिवशी वेगळ्या रंगाचा अगदी विरळ फवारा सगळीकडे टाका आणि ४०० ने ओलं घासा. जिथे तो विरळ रंग उरतो तिथे खड्डा आहे. टाचणीच्या डोक्याएवढी छिद्रं दोन भागांच्या बारीक पुट्टीने भरा आणि तेवढ्याच जागी पुन्हा प्रायमर मारा. हे दोनदा करावं लागलं तर नवल नाही, कदाचित तीनदाही. शेवटचा हात ६०० चा.

वरचा रंग दोन भागांचा युरेथेन घ्या. तळहाताचा घाम, अंगठीचं घासणं आणि ऊन तोच सोसतो. साध्या स्प्रे कॅनचा ॲक्रिलिक रंग दिसतो छान, पण सतत पकड असलेल्या जागी मऊ पडून चिकट होतो. युरेथेनच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. ते फुप्फुसांना कायमची ॲलर्जी लावू शकतं आणि त्याला वास येतोच असं नाही. दोन भागांच्या स्प्रे कॅनमध्येही तेच असतं. बाहेरची हवा पुरवणारा मास्क नसेल, तर तयार प्रायमर केलेलं व्हील रंगाऱ्याकडे द्या. पंधरा मिनिटांचं काम आहे, त्यासाठी फुप्फुसं पणाला लावण्यात अर्थ नाही.

दोन ते तीन मध्यम हात पुरेत. जाड रंग बोटांच्या खाचांत साचतो आणि त्यांची धार जाते. चमकही बेताची ठेवा. बरीच मूळ व्हील्स आरशासारखी कधीच नव्हती, रबराची तर मुळीच नाहीत.

रंग दुसऱ्या दिवशी हाताला कोरडा लागतो, पण पूर्ण मुरायला आठवडा लागतो. त्याआधी घट्ट पकडलं तर बोटांचे ठसे कायमचे बसतात.

१०. बसवा आणि तपासा

चाकं सरळ आहेत ना, ते पाहा. संपर्क-कडी स्वच्छ करा, हॉर्नची स्प्रिंग आणि वायसर फोटोप्रमाणे लावा. इंडिकेटर परत आणणारी खाच नीट जुळली पाहिजे. वळण घेतल्यावर इंडिकेटर आपोआप बंद होत नसेल, तर चूक इथेच असते. खुणेला खूण जुळवून व्हील हाताने दाबा. व्हील हातोड्याने ठोकून बसवायचं नाही.

नट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कवरच आवळा. स्वतः लॉक होणारा नट असेल आणि मॅन्युअल नवा लावायला सांगत असेल, तर नवाच लावा. लॉक वायसर असेल तर त्याची पाकळी वाकवायला विसरू नका.

बॅटरी जोडून चार गोष्टी तपासा. हॉर्न सरळ असताना आणि दोन्ही टोकांना वळवून वाजतो का. दाबलं नसताना वाजत नाही ना. इंडिकेटर दोन्ही बाजूंनी परत येतो का. आणि व्हील ओढल्यावर दांड्यावर जराही सरकत नाही ना. मग रिकाम्या जागेत हळू चालवून पाहा. सरळ चालताना स्पोक तिरके दिसत असतील, तर व्हील एक दाता चुकलं आहे; काढून पुन्हा बसवा.

पहिले सहा महिने महिन्यातून एकदा सांध्यांवर तिरका उजेड टाका. केसाएवढी रेघ दिसली, तर लगेच तिथला रंग काढून पाहा. नुसता रंग फुटला असेल तर खालची भरणी अखंड दिसते आणि पुन्हा रंगवलं की झालं. भरणीच भिंतीपासून सुटली असेल, तर ती पूर्ण उकरून सहाव्या पायरीपासून सुरुवात करा. गाडी उन्हात उभी करायची झाली, तर व्हीलवर पांढरं सुती कापड टाका; काळं रेक्झिनचं कव्हर नको, त्याखाली उष्णता आणि घाम दोन्ही कोंडतात.